अडीच वाजताचं हसू

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी रात्री अडीचच्या सुमाराला कुणीतरी हसायचं. आईच्या आजारपणात माझी झोप पार बिघडली होती, त्या दिवसांत हे पहिल्यांदा कानावर आलं. आधी एकदाच, नाकातून सुटल्यासारखं. मग बराच वेळ रातकिड्यांचा आवाज. मग पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या रात्री मी गॅलरीतून वाकून पाहिलं, तर वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मोबाइलच्या निळसर उजेडात एक चेहरा हलताना दिसला. कानटोपी, वर मफलर आणि त्यातून डोकावणारं हसू.

हा माणूस तीन वर्षं आमच्या फाटकावर होता. या तीन वर्षांत मी त्याला 'बहादूर' म्हणत होते. सगळेच म्हणत होते. त्याचं नाव बहादूर नाही, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. खरं नाव इथं लिहीत नाही, कारण तसं त्याला विचारलेलं नाही. मी त्याला आता दाजू म्हणते, म्हणजे थोरला भाऊ. नेपाळीत 'दाइ' हा शब्द जास्त चालतो म्हणे, पण भर कोथरूडमध्ये मिशीवाल्या माणसाला 'दाई' अशी हाक मारायला माझी जीभ रेटेना.

एका रात्री आईसाठी गरम पाणी केलं आणि उरलेल्या दुधाचा चहा घेऊन खाली गेले. त्याने घाईघाईने मोबाइल मांडीवर पालथा घातला. "सॉरी दीदी, आवाज ऊपर आया क्या?" मी म्हटलं, आवाज नाही, तुमचं हसू आलं. मग त्याने मोबाइल उलटा केला आणि मला तो म्हातारा दाखवला.

फाटका कोट, तिरकी टोपी, रडवेला आवाज. गावात जो भेटेल त्याच्यापुढं काही ना काही गाऱ्हाणं घेऊन उभा. ते होते माग्ने बूढा, म्हणजे मागत फिरणारा म्हातारा. केदार घिमिरे या नटाने हे पात्र इतकी वर्षं केलं की त्याचं खरं नाव लोकांना आठवून सांगावं लागतं. मालिकेचं नाव 'मेरी बास्सै'. हा एक उद्गार आहे. मराठीत त्याला 'अगं बाई!'च्या जवळपास कुठंतरी बसवता येईल. नेपाळ टेलिव्हिजन १९८५ साली सुरू झालं, आणि तिथल्या विनोदी मालिकांची नावं नुसती ओळीने वाचली तरी मराठी माणसाला ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. 'तितो सत्य' म्हणजे कडू सत्य. 'जिरे खुर्सानी' म्हणजे आपली लवंगी मिरची, तस्सा अर्थ. 'भद्रगोल' म्हणजे सावळा गोंधळ. 'भद्रगोल'ची मंडळी पुढं नव्या नावाने आली तेव्हा त्यांनी नाव ठेवलं 'सक्किगोनी', म्हणजे साधारण 'संपलंच की राव'. आपल्याकडच्या मालिकांना अशी नावं ठेवायला वाहिन्या धजावतील असं वाटत नाही.

देवनागरी असल्यामुळं मला शीर्षकं वाचता यायची आणि त्यामुळं आपल्याला नेपाळी येतं असा माझा गैरसमज दोनेक आठवडे टिकला. 'बुबा' म्हणजे वडील, 'माइती' म्हणजे माहेर, 'सुन्तला' म्हणजे संत्रं, एवढ्यावर मी खूश होते. 'मेरी बास्सै'मधलं एक जोडपं आहे, धुर्मुस आणि सुन्तली. सीताराम कट्टेल आणि कुञ्जना घिमिरे, प्रत्यक्षातही नवरा-बायको. सुन्तली म्हणजे संत्र्यासारखी, हे मी फुशारकीने सांगितलं. धुर्मुस म्हणजे काय ते दाजूने दोन्ही हात जोडून, वरून खाली आपटून दाखवलं. जमीन चोपायचं अवजार. आपली धुम्मस. आजोळी मातीची जमीन चोपायला जी असायची तीच!

आता हे नुसतं शब्दांचं कौतुक राहिलं असतं. पण २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. तेव्हा हे विनोदी जोडपं कॅमेरा बाजूला ठेवून घरं बांधायला निघालं. देशाविदेशातल्या नेपाळ्यांनी पैसे पाठवले आणि सिन्धुपाल्चोक जिल्ह्यातल्या गिरानचौरमध्ये ६६ घरांची वस्ती उभी राहिली. धुम्मस नाव घेतलेला माणूस खरोखर जमिनी चोपायला लागला. असं एखाद्या कथेत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्तच जुळवून आणलंय. पुढं त्यांनी चितवनमध्ये मोठं क्रिकेट स्टेडियम बांधायला घेतलं, ते मात्र पैशांअभावी रखडलं. दाजूला याचं फार वाईट वाटायचं. त्यानेही काही रुपये दिले होते. किती, ते सांगितलं नाही.

चहाचे पेले रिकामे झाले तरी मी तिथंच कट्ट्यावर बसून राहायला लागले. आई झोपलेली असायची, मला झोप नसायची. एका कानात त्याच्या इअरफोनचं एक टोक आणि दुसऱ्या कानात तो हिंदीत सांगायचा तो अर्थ. यात विनोद कितीसा कळणार? संवाद अर्धे निसटायचे आणि समजावून सांगितलेल्या विनोदावर हसणं म्हणजे गार झालेलं पिठलं खाण्यासारखं. पण हळूहळू माझ्या लक्षात एक गोष्ट आली. तो हसायचा तिथं नेहमीच विनोद असायचा असं नाही. कधी कधी नट बोलत असायचे आणि याचा डोळा त्यांच्या मागं असायचा. मागं गोठा. गोठ्याच्या तोंडाशी बांधलेली म्हैस. मक्याच्या कणसांच्या माळा. पितळी तांब्या घेऊन उगाचच मागून जाणारी एखादी बाई, जी नटी नसावी, त्या गावातलीच असावी. एकदा त्याने चित्र थांबवून मला फक्त एक पायरी दाखवली. दगडी, मधोमध झिजलेली. "ऐसा ही है," म्हणाला.

मी म्हटलं, हे तुमच्याकडचं आहे तर! तर तो म्हणे, नाही, नाही. हे काठमांडूच्या बाजूचे लोक. बोलीही आमची नाही.

तो अछामचा. नेपाळच्या सुदूरपश्चिमेतला जिल्हा. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्याला येत आलेली. १९५०च्या करारानंतर सीमा खुलीच आहे, पासपोर्ट लागत नाही. बसने सीमेवरच्या बनबसाला उतरायचं आणि तिथून पुढं गाडी. आजोबा मुंबईत, वडील मुंबईत, हा पुण्यात. काठमांडू त्याने आयुष्यात दोनदा पाहिलंय, पुणे रोज पाहतो. मालिकांतली नेपाळी त्याच्या कानाला जरा पुस्तकी, जरा परकी. एखाद्या वऱ्हाडातल्या माणसाने आयुष्यभर सदाशिव पेठेतल्या घरात घडणाऱ्या मालिका बघाव्यात तसं. तरीही गोठा सारखाच, म्हैस सारखी, पायरी सारखी.

नेपाळी विनोदाबद्दल वाचायला लागलं की मह जोडी आडवी येतेच. मदनकृष्ण श्रेष्ठ आणि हरिवंश आचार्य. दोघांच्या नावातलं पहिलं अक्षर घेऊन 'मह', आणि नेपाळीत मह म्हणजे मध. इतकं गोड नाव घेऊन दोघं आयुष्यभर सरकारला टोचत राहिले. त्यांची कला रुजली ती गाईजात्रेच्या मंचावर, आणि ही गाईजात्रा म्हणजे मला वाटतं जगातल्या विलक्षण सणांपैकी एक. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार लोकांत वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला असेल, त्या घरचे लोक श्रावणी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गाय घेऊन, नाहीतर लहान मुलाला गाईचं सोंग देऊन, गावातून फिरतात. गाय मेलेल्याला पैलतीरी नेते अशी समजूत. आणि त्याच मिरवणुकीत सोंगं, नकला, टवाळी. सतराव्या शतकातल्या प्रताप मल्ल राजाची कथा सांगतात. मुलगा गेल्यावर राणी हसेना, बोलेना. राजाने हुकूम काढला, ज्यांच्या घरी कुणी गेलं असेल त्यांनी राणीसमोरून जावं, आणि जो तिला हसवेल त्याला बक्षीस. रांगेने दुःखच दुःख येताना पाहून आणि त्यातली सोंगं पाहून राणी शेवटी हसली.

कथा खरी की खोटी देव जाणे. पण १९६० ते १९९० या तीस वर्षांच्या पंचायत काळात, राजकीय पक्षांवर बंदी असताना, वर्षातून याच दिवसांत मंचावरून राज्यकर्त्यांची टिंगल करायची मुभा मिळायची. सुतक पाळताना हसायची परवानगी होती ना, तिचाच आधार घेऊन. पुढं मह जोडीने टीव्हीवर जातीय छळावर 'दलन' ही मालिका केली, आणि लोकांनी त्यांच्याकडून तीही पाहून घेतली.

हे सगळं मी दाजूला मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, आमच्याकडं गाईजात्रा नसते दीदी, मीही मोबाइलवरच पाहिलीय.

त्याच्याकडं असते गौरा, हा तिकडचा सण, आणि गौरेत देउडा, म्हणजे गात गात नाचायचं. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, हातात हात, खांद्याला खांदा, अर्ध्या वर्तुळात पावलं टाकत एक बाजू ओळ टाकणार, दुसरी तिला उत्तर देणार. वाद्य नाही. जमिनीवर पडणाऱ्या पावलांचाच ठेका. डोंगरात इतरत्र याच सवाल-जवाबाला दोहोरी म्हणतात आणि तिचं तर आता मोठं दुकान झालंय; काठमांडूत 'दोहोरी साँझ' नावाची उपाहारगृहं आहेत, तिथं मोमो खात खात लोक गायकांची जुगलबंदी ऐकतात. गायिका टोमणा मारते, गायकाने त्याच चालीत, त्याच यमकात तिथल्या तिथं परतवायचा. आपल्याकडचा कलगी-तुरा आठवतो, कोकणात ज्याला शक्ती-तुरा म्हणतात तो. फरक इतकाच की कलगी-तुऱ्यात भांडण शिव मोठा की शक्ती याचं, आणि दोहोरीत बहुतेक वेळा 'तू परदेशातून कधी येणार' याचं. इंटरनेटवर दोहोरीचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ आहेत आणि त्यांच्याखाली प्रतिक्रिया कतारमधून, मलेशियातून, सौदीतून. देशाच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा बाहेर गेलेली माणसं पाठवतात, असा देश आहे तो. मग यमकं तरी दुसरी कशाची जुळणार?

आणि हे आजचं नाही. गन्धर्व नावाची एक जात, पूर्वी त्यांना गाइने म्हणत. एकाच लाकडातून कोरलेली चार तारांची सारंगी घेऊन गावोगाव फिरायचं आणि गाण्यातून बातम्या सांगायच्या. कुठं लढाई झाली, कुठं दरड कोसळली, कुणाचा मुलगा मेला. आपले वासुदेव, गोंधळी आणि शाहीर एकत्र करून एकाच माणसाच्या खांद्यावर सारंगी दिली तर जे होईल ते. त्यांच्यातल्या झलकमान गन्धर्वांचं (ते २००३ साली गेले) एक गाणं दाजूने मला ऐकवलं. परमुलखात मरणारा शिपाई घरी निरोप पाठवतोय. आईने विचारलं तर असं सांगा, बापाने विचारलं तर असं सांगा. चाल अगदी साधी, सारंगी किंचित किरटी. ते संपल्यावर तो उठून उगाचच फाटकाचं कुलूप ओढून बघून आला.

आता व्हायरल म्हणतो आपण. त्या सारंगीवाल्याचं गाणं पायी फिरायचं, इतकंच.

गमतीचे व्हिडिओही तो दाखवायचा, नाही असं नाही. ब्रिटनमध्ये राहणारे भीम निरौला नावाचे एक गृहस्थ आहेत. कोट घालून, भलत्याच आत्मविश्वासाने 'संडे मॉर्निंग लव्ह यू' असं इंग्रजीत गातात. सूर आपल्या वाटेने, ताल आपल्या. हा व्हिडिओ नेपाळी लोकांनी इतका फिरवला की बघणारा आधी कीव करतो, मग हसतो आणि तिसऱ्या दिवशी भांडी घासताना तेच गुणगुणतो. माझं तरी तसं झालं. हसणाऱ्यांपैकी कितीजणांना असं कॅमेऱ्यासमोर उभं राहता येईल, हा प्रश्न नंतर पडतो. झुलत्या पुलावरून पाठीवर टोमॅटो नेणाऱ्या एका मुलीचा फोटो २०१६ साली असाच जगभर गेला. लोक तिच्या सौंदर्यावर लिहीत होते. दाजूने तो फोटो पाहिला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "बोझ कितना होगा?"

मादल हे नेपाळी ढोलवजा वाद्य मात्र आपल्या कानांनी केव्हाचं ऐकलंय, फक्त नाव ठाऊक नव्हतं. दार्जिलिंगचे रणजित गजमेर, 'कांछा' म्हणून ओळखले जाणारे, राहुलदेव बर्मन यांच्याकडं मादल वाजवायचे. आणि 'माइतीघर' हा १९६६ सालचा नेपाळी चित्रपट. माला सिन्हा नायिका, जयदेव यांचं संगीत आणि गाणाऱ्यांच्या नावांत लता, आशा आणि उषा, तीन मंगेशकर बहिणी. नारायणगोपालही त्यात आहेत, ज्यांना नेपाळ स्वरसम्राट म्हणतो. माइतीघर म्हणजे माहेर. काठमांडूत त्याच नावाचा एक चौक आहे. नाव या सिनेमावरूनच पडलं असं सांगतात. हे मी दाजूला सांगितलं तेव्हा त्याला मंगेशकर बहिणींचं विशेष काही वाटलं नाही, कारण लतादीदी त्याच्या मते नेपाळच्याही होत्याच.

विनोदाला तिकडं किंमत मोजावी लागते, हेही त्याच्याच मोबाइलवर कळलं. २०१९ साल या बाबतीत वाईटच गेलं. पशुपति शर्मा या लोकगायकाने 'लुट्न सके लुट', लुटता येईल तेवढं लुटा, असं भ्रष्टाचारावरचं गाणं केलं. सत्ताधारी पक्षाच्या युवकांच्या दबावाखाली त्याला ते यूट्यूबवरून उतरवावं लागलं. उतरवल्यावर अर्थातच ते जास्त ऐकलं गेलं. जूनमध्ये प्राणेश गौतम या विनोदवीराला अटक झाली. गुन्हा काय, तर एका चित्रपटाची टिंगल करणारं परीक्षण! ऑक्टोबरमध्ये एका रॅपरला उचललं. मराठीत सुमार सिनेमांची परीक्षणं लिहून मी जेमतेम चार शिव्या खाल्ल्यात, त्यामुळं त्या जूनच्या बातमीवर मी जरा जास्तच वेळ रेंगाळले. आणि तीनच वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्याच काठमांडूने महापौर निवडला तो यूट्यूबवरच्या रॅपच्या जुगलबंदीतून नावारूपाला आलेला इंजिनियर, काळा चष्मा घातलेले बालेन्द्र शाह. अपक्ष. यमकात यमक मिळवून समोरच्याला गप्प करायचं, म्हणजे पुन्हा दोहोरीच की.

सप्टेंबर २०२५ उजाडला तेव्हा आई नव्हती. झोपेची वेळ मात्र बिघडलेलीच राहिली होती.

त्याच्या थोडं आधीपासून दाजूच्या मोबाइलवर वेगळेच व्हिडिओ यायला लागले होते. पुढाऱ्यांची मुलं, त्यांच्या परदेशातल्या सहली, महागड्या बॅगा, आणि मध्येच कापून जोडलेली विमानतळावरची रांग. आखातात निघालेल्या पोरांची. खाली मादल वाजतंय. बघताना तो हसायचा नाही. मग ४ सप्टेंबरला सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून २६ समाजमाध्यमं बंद केली, नोंदणी केली नाही म्हणून. टिकटॉक आणि व्हायबर नोंदलेले होते, ते चालू राहिले. त्या रात्री मी खाली गेले तर हा माणूस मोबाइल दोन्ही हातांत धरून व्हायबर उघडायची खटपट करत होता. रोज रात्री साडेआठला बायको व्हॉट्सॲपवर दिसायची, ती दिसेना. माझ्या फोनवरून एकदा, त्याच्या फोनवरून एकदा, असं करत शेवटी तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाच्या व्हायबरवरून ती आली. चित्र अडकत होतं. ती काय बोलली मला कळलं नाही. त्याने म्हैस दाखवायला सांगितलं आणि तिने दाखवली.

८ तारखेला काठमांडूत तरुण मुलंमुली जमली, ती माइतीघरच्या चौकात. तिथून संसदेकडं निघाली. त्या एका दिवशी १९ जण गोळीबारात मेले. पुढं आकडा सत्तरच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला, संसद जळत होती, आणि १२ तारखेला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्यांच्या नावाची चर्चा पोरांनी डिस्कॉर्डवर केली, जिथं एरवी ती गेम खेळताना गप्पा मारतात. तोवर सगळी ॲप पुन्हा सुरू झाली होती. दाजूच्या मोबाइलवर सारखं येत राहिलं. धूर, पळणारे पाय, शाळेचा गणवेश. तो आवाज बंद ठेवून बघायचा.

मी विचारलं, आता काय होणार? तो म्हणाला, "पता नहीं दीदी. बच्चे लोग थे." आणि थोड्या वेळाने त्याने माग्ने बूढाचा एक जुना भाग लावला. मी कट्ट्यावर बसले. दोघंही हसलो नाही. मागं म्हैस होती, पायरी होती, तांब्या घेऊन ती बाई गेली.

दसैंला तो गावी गेला. दसैं म्हणजे आपला दसराच, पण तिकडं पंधरा दिवस. त्याच्या जागी एजन्सीने एक तरुण पाठवला होता. तो रात्रभर इअरफोन लावून कुस्त्या बघायचा, फाटकाशी अगदी शांतता.

एका संध्याकाळी माझ्या फोनवर दाजूचा व्हिडिओ आला. तीन मिनिटं, थरथरणारा, बराचसा अंधारात. अंगणात माणसं हात धरून अर्ध्या वर्तुळात उभी, पावलं पुढं-मागं. देउडा. बायकांच्या बाजूने कुणीतरी जाड्या आवाजात ओळ टाकली, पुरुषांकडून उत्तर गेलं. मग पुन्हा त्या आवाजाने काहीतरी म्हटलं आणि सगळं अंगण खदाखदा हसलं. मोबाइल धरणारा हातही हलला. त्या हसण्यात नाकातून सुटणारं एक हसू मी लगेच ओळखलं.

गाण्यातलं मला एक अक्षर कळलं नव्हतं. मी पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं की मी नाचणाऱ्यांकडं बघतच नाहीये. डाव्या कोपऱ्यात कणसांच्या माळा होत्या, निळं पिंप होतं, छपरावर सोलरची पाटी, आणि त्याच्या खाली पायरी. दगडी. मधोमध झिजलेली.

मी त्याला लिहिलं, ती बाई काय म्हणाली? सगळे एवढे का हसले?

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "आके बताऊंगा दीदी. चाय पे."